गाडी जुनी, मालक नवा

दसऱ्या-दिवाळीला ज्यांनी नवी गाडी घेतली, त्यांची जुनी गाडी कुणाच्या तरी दारात जाऊन उभी राहिली. मार्गशीर्षात माझ्याकडे येणारी पत्रं बहुतेक त्या दारांतली असतात. या खेपेला तीच घेतली आहेत. एक विनंती आहे. गाडीचं वर्ष, इंधन आणि चाललेले किलोमीटर लिहीत जा. ‘गाडी ओढत नाही, काय करू?’ एवढ्यावरून निदान फक्त ज्योतिषाला जमेल.

प्रश्न : मिस्त्री, नमस्कार. आम्ही ओळखीतून 2015 ची वॅगन आर घेतली. मालकांनी 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या, आरसी कार्ड दिलं, एक किल्ली दिली. मधला एजंट म्हणतो, “मॅडम, नावावर करायची घाई नको. पुढे विकाल तेव्हा थेट त्याच्याच नावावर चढवू, एक खर्च वाचेल.” विम्याचे अजून सात महिने शिल्लक आहेत. सगळे म्हणतात, चालतंय. खरंच चालतंय का?
— एक शिक्षिका, विटा

उत्तर : अपघात होईपर्यंत चालतंय.

मॅडम, पैसे तुम्ही दिलेत, पण कागदावर गाडी अजून त्यांचीच आहे. मोटार वाहन कायद्याच्या 50 व्या कलमाप्रमाणे विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. 29 नंबर ही विक्रीची सूचना, 30 नंबर हा नाव बदलण्याचा अर्ज. सह्या करून कपाटात ठेवले तर त्यांना रद्दीचा भाव.

एजंटाला घाई का नाही, तेही ओळखा. नाव बदलायला घेतलं की थकलेली चलनं वर येतात आणि बँकेचा न उतरवलेला बोजाही वर येतो. ते निस्तरायचा त्याला कंटाळा आहे. तेव्हा आज संध्याकाळीच गाडीचा नंबर टाकून चलनं बघा आणि आरसीवर कुठल्या बँकेचं नाव आहे का ते पाहा. नाव असेल तर कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि 35 नंबरचा फॉर्म हवा, आणि तो जुन्या मालकांकडूनच मिळणार. ऑनलाइन अर्जाला त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपीही लागू शकतो. आज ते फोन उचलतात. वर्षाने त्यांची बदली झाली, नंबर बदलला, की तुम्ही कुणाच्या दारात जाणार?

आता विमा. गाडीखाली दुसरं कुणी सापडलं तर त्या तिसऱ्या माणसापुरता विमा कायद्यानेच गाडीबरोबर तुमच्याकडे येतो. पण तुमच्या गाडीचं बोनेट चेपलं, गाडी चोरीला गेली, तर कंपनी विचारणार की पॉलिसी कुणाच्या नावावर आणि गाडी कुणाची. तिथे दावा अडतो. विमा कंपनीला 14 दिवसांत अर्ज द्यायचा असतो. जुन्या मालकांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र तुम्हाला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो. 50 टक्क्यांपर्यंत सूट असलेली पॉलिसी तुमच्या नावावर करताना कंपनी तो फरक मागेल. ते तुम्हाला लुबाडत नाहीत, भरून टाका.

आणि हा परिच्छेद जुन्या मालकांना वाचून दाखवा, म्हणजे तेच तुम्हाला हाताला धरून आरटीओत नेतील. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्या मालकाचीच राहिली होती. नुकसानभरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच आली.

दुसरी किल्ली मागून घ्या. ‘हरवली’ म्हणाले तर चावीचं कोडिंग नव्याने करून घ्या, म्हणजे हरवलेल्या किल्लीने गाडी सुरू होणार नाही. जुन्या मालकांना त्यांचा फास्टॅग बंद करायला सांगा आणि तुमचा नवा घ्या, नाहीतर तुमच्या तासवडे नाक्याचे पैसे त्यांच्या खात्यातून जातील आणि ओळखीत वितुष्ट येईल.

राहिली गाडी. ‘परवाच सर्व्हिस केली’ असं विकणारा प्रत्येक माणूस म्हणतो. बिल दाखवा म्हणा. बिल नसेल तर सर्व्हिस झालीच नाही असं धरा, आणि ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कुलंट, ब्रेक ऑइल सगळं एकदाच बदला. त्या दिवसापासून तुमची वही सुरू. सीट कव्हर पुढच्या महिन्यात घेतलं तरी चालेल.

प्रश्न : पुण्यातल्या एका डीलरकडून 2017 ची स्विफ्ट डिझेल घेतली. पासिंग एमएच-10. इतरांपेक्षा साठ हजारांनी स्वस्त पडली. आता एसी लावला की ओला वास येतो, मागची डावी काच मधूनच अडकते, एबीएसचा दिवा लागतो आणि आपोआप जातो. मेहुणा म्हणतो, गाडी पुराची आहे. डीलर म्हणतो, “तसं काही नाही, पावसाळ्यात सगळ्यांच्या गाड्यांना वास येतो.” कसं ओळखायचं?
— औषध दुकानदार, तासगाव

उत्तर : तासगावचा माणूस सांगलीची गाडी पुण्यात जाऊन घेतो, तेव्हा गाडी तिकडे का गेली हा प्रश्न पहिल्यांदा पडायला हवा. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट असताना कृष्णा 57 फुटांवर गेली. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, त्याच आठवड्यात चिपळूणही बुडालं. त्या दोन्ही वेळी गॅरेजांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. विमा कंपन्यांनी ज्या गाड्या ‘टोटल लॉस’, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही असं, धरून निकाली काढल्या, त्यातल्या कितीतरी भंगारात न जाता लिलावातून दुरुस्तीवाल्यांकडे गेल्या आणि धुऊनपुसून दुसऱ्या शहरात उभ्या राहिल्या. इथे विकल्या तर गिऱ्हाईक ओळखेल ना!

तरी मेहुण्याचं लगेच खरं मानू नका. एसीच्या पाण्याची नळी तुंबली की पाणी बाहेर न जाता डाव्या बाजूच्या पायाशी गालिच्यात मुरतं आणि अगदी तुम्ही म्हणता तसाच वास येतो. काचेचं बटण कुठल्याही गाडीत खराब होतं. एबीएसचा दिवा चाकाजवळच्या सेन्सरला चिखल लागला तरी लागतो. तिन्ही एकदम आलंय म्हणून शंका घ्यायची, एवढंच.

घरीच बघता येईल. चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. धुणारा माणूस बाहेर दिसणारा पट्टा घासतो, आत गुंडाळलेला भाग विसरतो. तिथे मातकट रेघ दिसली, तर पाणी कुठवर चढलं होतं ते तीच रेघ सांगेल. मग पुढच्या सीटा मागे सारून रुळांचे बोल्ट बघा. पावसाचे ओले बूट तिथवर पोचत नाहीत, त्यामुळे तिथे गंज असायचं कारण नाही. स्टेपनी काढा आणि खालच्या खोलगट जागेच्या कोपऱ्यात बोट फिरवा. कृष्णेचा गाळ वाळला की पिठासारखा बारीक होतो, बोटाला लागतो. हेडलाइटच्या आत पाण्याच्या थेंबांचे डाग आहेत का? डॅशबोर्डखाली डोकं घालून मोबाईलच्या उजेडात वायरिंगचे जोड बघा. तांब्यावर हिरवट थर आला असेल तर मेहुण्याला चहा पाजा.

हा थर काही पुराच्या दुसऱ्या दिवशी येत नाही. जोडांच्या आत शिरलेला गाळ ओल धरून ठेवतो आणि तांबं महिनोन् महिने खात राहतो. म्हणून पुराची गाडी घेतली त्या दिवशी छान चालते आणि पुढच्या पावसात वेड्यासारखी वागते. आज काच, उद्या हॉर्न, परवा स्टार्टच नाही. यांत्रिक काम एकदा केलं की संपतं, वायरिंगचं संपत नाही.

गाडी पुराचीच निघाली तर पाणी कुठवर होतं यावर सगळं आहे. सीटच्या खाली राहिलं असेल तर सगळ्या सीटा आणि गालिचा काढून, वाळवून, जोड एकेक साफ करून गाडी वापरता येते. अशा गाड्या मी करून दिल्या आहेत आणि त्या पळतायत. डॅशबोर्डपर्यंत गेलं असेल तर माझा सल्ला कडू आहे : परत करा. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बऱ्याच गाड्यांत गिअरच्या पुढे, अगदी खाली बसवलेलं असतं. ते पाण्यात गेलेलं असेल तर एअरबॅग ऐन वेळी उघडेल की नाही हे मी काय, कुणीच सांगू शकत नाही. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागतच नसेल तर कुणीतरी त्याची वायर कापून ठेवली आहे असं समजा.

डीलरशी तोंडी भांडू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरावर जुन्या कामांची नोंद मिळते, विमा कंपनीकडे दाव्यांची विचारणा करता येते. ते कागद, सीट बेल्टचे फोटो आणि जमलं तर एका मिस्त्रीचा लेखी अहवाल जोडून डीलरला रजिस्टर्ड पत्र पाठवा. दोष लपवून विकणं ही ग्राहकाची फसवणूक आहे, आणि ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. डीलरकडून घेतलीत हे एका अर्थी बरं झालं. घरगुती व्यवहारात हा दरवाजा सहसा नसतो.

प्रश्न : 2014 ची डस्टर डिझेल, 98,000 किमी. मिस्त्री म्हणतो टायमिंग बेल्ट बदला, पाण्याचा पंपही बदला. शेजाऱ्याची स्विफ्ट डिझेल पावणेदोन लाख पळाली, त्याने कधी बेल्ट टाकला नाही. मिस्त्री फसवतोय का?
— गडहिंग्लज

उत्तर : शेजारीही खरं बोलतोय आणि मिस्त्रीही. स्विफ्टच्या त्या 1.3 डिझेलला बेल्टच नाही, साखळी आहे. तुमच्या 1.5 इंजिनाला रबरी बेल्ट आहे. तो तुटायच्या आधी आवाज करत नाही, दिवा लावत नाही. तुटला की त्याच क्षणी वर-खाली होणारे पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं. तो खर्च ऐकला की माणूस खाली बसतो.

रबर किलोमीटरने जसं झिजतं, तसं वयानेही कडक होतं. मागच्या मालकाने कधी बदलला याचं बिल नसेल तर आजच बदला, बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरसकट. पंपाचं म्हणाल तर तो त्याच बेल्टवर फिरतो. पुढच्या वर्षी पंप गळला की तेवढंच उघडून तीच मजुरी पुन्हा द्यावी लागेल. तुमचा मिस्त्री चांगला आहे, बदलू नका.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे जुनी आय-टेन आहे त्यांनीही इंजिन बघून घ्यावं. 1.1 ला बेल्ट आहे, 1.2 कप्पाला साखळी. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात.

प्रश्न : 2018 ची अमेझ पेट्रोल, मीटरला 41,000. टायर एकदम नवे वाटतात, नक्षी भरपूर आहे. पण 80 च्या वर स्टिअरिंग थरथरतं. अलाइनमेंट केलं, फरक नाही. तुमच्या मागच्या उत्तरात वाचलं म्हणून टायरवरचा आकडा बघितला, चारही टायरवर 4616 आहे. दर महिन्याला आंबा घाटातून रत्नागिरीला जातो.
— नोकरदार, मूळ रत्नागिरी, सध्या कोल्हापूर

उत्तर : शेवटच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. म्हणजे तुमचे टायर 2016 च्या 46 व्या आठवड्यातले, नोव्हेंबरचे. गाडी 2018 ची! गाडीपेक्षा टायर थोरला, हे कंपनीतून येताना होत नाही. मूळ टायर झिजून गेले आणि विकायच्या आधी कुणीतरी कुठल्या तरी गोदामात पडलेला जुना माल स्वस्तात चढवला. म्हणून नक्षी भरपूर, रबर मात्र लाकूड.

आता पुढचं बघा. मूळ टायर 41,000 च्या आत संपले कसे? संपू शकतात, पण मीटरबद्दल शंका घ्यायला ही जागा आहे. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, ड्रायव्हर सीटची उजवी कड चेपलीय का, स्टिअरिंग चकाकतंय का ते बघा. सर्व्हिस सेंटरला नंबर द्या. 2021 सालीच 70,000 ची नोंद सापडली तर मीटर मागे फिरवलंय हे उघड आहे.

थरथर अलाइनमेंटने जाणार नाही, तिला बॅलन्सिंग लागतं, आणि रिम वाकली असेल तर तेही पुरत नाही. पण या टायरांवर बॅलन्सिंगचे पैसे घालूच नका. चारही बदला. कायद्याने नक्षी किमान 1.6 मिलिमीटर हवी, ती तुमच्याकडे आहे, पण वयाबद्दल ती काहीच सांगत नाही. कडक झालेला टायर ओल्या रस्त्यावर धरत नाही आणि तापला की फुटतो. हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. पंपावरचा पोरगा सगळ्या गाड्यांना 35 भरतो, त्याच्या मनावर सोडू नका.

घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरता ना? साखरप्याच्या बाजूला सतत ब्रेकवर पाय ठेवून गाडी सोडणारे मी बघतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ते जुनं झालेलं असलं आणि ब्रेक तापले, की ऑइल आत उकळतं आणि पेडल सरळ खाली जातं. दर दोन वर्षांनी बदलायचं. नवे टायर चढेपर्यंत एसटीने जा, आईला सांगा मिस्त्रीने अडवलं.

प्रश्न : दिल्ली पासिंगची 2016 ची डिझेल एसयूव्ही घेतली, इथल्यापेक्षा दीड लाख कमी पडले. दिल्लीचं नंबरप्लेट ठेवून किती दिवस फिरता येईल?
— हॉटेल व्यावसायिक, इचलकरंजी

उत्तर : कायदा सांगतो 12 महिने. त्यानंतर इथला नंबर घ्यावाच लागतो. पण तुम्ही गाडी कायमची आणली आहे, तेव्हा वर्ष कशाला मोजायचं? दिल्लीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे 28 नंबरचा फॉर्म, हातात नसेल तर इथे काहीच हलणार नाही. ती मिळवण्यासाठी मूळ मालक लागतो, आणि तो दिल्लीत.

गाडी स्वस्त का, तर 2015 साली हरित लवादाने तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे त्यात फेरफार होत राहिले, पण तिथल्या मालकांच्या मनातली धास्ती गेली नाही. आपल्याकडे तसा नियम नाही, गाडीचं काही बिघडलेलं नाही. फक्त महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागेल. नव्या डिझेलला तो किमतीप्रमाणे 13 टक्क्यांपासून सुरू होतो, जुनीला वयानुसार कमी. तो आकडा, एनओसीचा खर्च, एजंटाच्या दिल्लीच्या फेऱ्या, सगळं मांडा. दीड लाखातले किती उरतात ते मला कळवा. हा हिशोब घ्यायच्या आधी करायचा असतो.

प्रश्न : गाडी घेतल्यापासून उंदरांनी दोनदा वायरी खाल्ल्या. बोनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवली आहेत. उपयोग होईल का?
— पलूस

उत्तर : पलूसचा उंदीर तंबाखूला काय भिणार! पहिले दोन दिवस वास येतो, मग पानं वाळतात आणि त्याच्या बिछान्याला उपयोगी पडतात. गाडी पेंडीच्या पोत्यांशेजारी लावत असाल तर जागा बदला. रात्री बोनेट थोडं उघडं ठेवलं तर आत उजेड आणि वारा राहतो, त्याला ते आवडत नाही. आतले शेंगांचे, बिस्किटांचे कण झाडा, एसीच्या हवेच्या तोंडाला बारीक जाळी बसवून घ्या. आणि सकाळी पेट्रोलचा वास आला तर किल्ली फिरवू नका. त्याने वायर सोडून पाइप कुरतडलेला असू शकतो.

प्रश्न : मिस्त्रीकाका, मी 48 वर्षांची आहे. मुलाने मला शिकण्यासाठी 2013 ची आय-टेन घेऊन दिली. ह्यांचं रोज एकच, “क्लच जाळशील.” परवा गणपती मंदिराच्या चढावर गाडी मागे गेली आणि जळका वास आला. क्लच गेला का? मी शिकणं सोडू का?
— सांगली

उत्तर : ताई, एकदा वास आला म्हणून क्लच जात नाही. प्लेट तापली, थंड झाली. वास परत परत येत असेल, किंवा चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण गाडी वेग घेत नाही, असं होत असेल तर मात्र प्लेट संपली. जुन्या गाडीत ती आधीच्या मालकाने अर्धी खाल्लेली असते, तेव्हा सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका.

चढावर गाडी क्लचवर तोलून धरू नका. हँडब्रेक ओढा. पहिला गिअर टाका, क्लच हळू सोडत या, गाडीचं नाक किंचित उचललं आणि आवाज जड झाला की थोडा ॲक्सिलरेटर द्या आणि हँडब्रेक खाली करा. रविवारी सकाळी विलिंग्डन कॉलेजच्या बाजूला रिकाम्या रस्त्यावर हेच करत बसा. ह्यांना घरी ठेवा. आणि गाडी चालू असताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायची सवय लागली असेल तर ती आत्ताच मोडा, प्लेटपेक्षा बेअरिंग आधी जातं.

तुमची आय-टेन 1.1 आहे की 1.2, ते पत्रात लिहिलेलं नाही. वर गडहिंग्लजच्या पत्राचं उत्तर वाचा आणि मला कळवा.